औषधासह उतार

इंदूरच्या मराठी घरात आजाराची बातमी दोन भाषांतून चालत येते. ओपीडीत डॉक्टर विचारतात, "अब आराम है ना?" पेशंट म्हणते, "हाँ, आराम है." डॉक्टर मान डोलावतात, त्याच गोळ्या पुढे चालू ठेवतात, पुढचा नंबर लागतो. ती राजेंद्रनगरला घरी पोचते तेव्हा सासूबाई दारातच विचारतात, "काय म्हणाले गं डॉक्टर?" उत्तर येतं, "बरं झालंय म्हणाले." वाटेत कुठेतरी ‘आराम’चं ‘बरं’ झालेलं असतं. खोटं कोणीच बोललेलं नसतं. पण बऱ्या झालेल्या माणसाला गोळ्या कशाला, हा प्रश्न त्या दिवसापासून त्या घरात फिरू लागतो आणि दोन-तीन महिन्यांत त्याचा निकाल घरच्या घरीच लावला जातो.

मी बोलतोय ते ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसबद्दल. पेशंट आणि डॉक्टर दोघंही त्याला नुसतं ‘आरए’ म्हणतात. म्हातारपणी गुडघे झिजतात तो आजार वेगळा. आरएमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सुजतात, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, आणि दुर्लक्ष झालं तर हाड पोखरलं जातं. मराठीत दोन्हींना संधिवातच म्हणतात, त्यामुळे शेजारच्या काकूंनी गुडघ्याला लावलेलं तेल आरएच्या पेशंटच्या बोटांपर्यंत पोचतं.

औषधं नीट चालली तर हा आजार शांत होतो, इतका की पेशंटला स्वतःला तो आठवत नाही. डॉक्टरी भाषेत त्याला रेमिशन म्हणतात. या अवस्थेला आपल्या बोलण्यात स्वतंत्र शब्द हवा, तो ‘बरा’ असता कामा नये, आणि तो केसपेपरवर आकड्यासह लिहिला जावा, एवढीच या लेखाची मागणी आहे. शब्द घडवत बसायची गरज नाही. ‘उतार’ आहेच. तापाला उतार आहे असं आजी म्हणते तेव्हा ती थर्मामीटर उचलून डब्यात टाकत नाही. रात्री पुन्हा बघायचा असतो, हे त्या शब्दातच आलेलं असतं.

‘बरा’ हा शब्द कुठे शोभतो ते आधी पाहू. हिपॅटायटिस सी झालेल्या बहुतेक पेशंटना आज साधारण १२ आठवडे गोळ्या देतात. कोर्स संपल्यावर आणखी १२ आठवड्यांनी रक्त तपासतात; विषाणू सापडला नाही तर आजार गेला असं डॉक्टर लिहून देऊ शकतात. तिथे बाहेरून आलेला पाहुणा आहे, तो गेला की नाही हे मोजायची सोय आहे. आरएमध्ये बाहेरचं कोणी नाही. आपलाच सांधा परका, हा चुकीचा धडा गिरवलेल्या पेशी शरीराच्या स्वतःच्या असतात. प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवणाऱ्या काही पेशी अस्थिमज्जेत वर्षानुवर्षं टिकतात. सांध्याच्या अस्तरातल्या पेशीसुद्धा एकदा चिथावल्या गेल्या की पुढच्या वेळी लवकर पेटतात. औषध या सगळ्यांना गप्प बसवतं, त्यांचा धडा पुसत नाही. तो पुसला गेला की नाही हे सांगणारी तपासणी आज उपलब्ध नाही. ज्याची तपासणीच नाही, त्याचं सर्टिफिकेट कोण देणार?

इथे एक खर्चिक गैरसमज. सूज उतरली, हात चालू लागले, की घरचे आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, म्हणजे आरएची प्रतिपिंडं शोधणाऱ्या रक्ततपासण्या, पुन्हा करून घेतात. रिपोर्ट पॉझिटिव्हच येतो आणि घरात सुतक पडल्यासारखं होतं. ही तपासणी निदानासाठी आहे. ही प्रतिपिंडं आजार दिसण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून रक्तात असू शकतात आणि उतार पडल्यावरही राहू शकतात. दर सहा महिन्यांनी अँटी-सीसीपी करून पैसे घालवू नयेत. आजार किती जागा आहे ते बघायला दुसरी मोजपट्टी आहे.

ती मोजपट्टी म्हणजे २८ सांधे. दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, दोन गुडघे, तळहाताला बोटं जुळतात तिथले दहा, आणि बोटांच्या मधल्या पेरांचे दहा, त्यात अंगठ्याचं एकेक पेर धरून. डॉक्टर प्रत्येक सांधा स्वतःच्या अंगठ्याने दाबतात. किती जोरात? दाबणाऱ्याचं नख पांढरं पडेल इतपत. दुखलं तर एक गुण. मग सूज वेगळी मोजायची: हाडाच्या कडेचा खड्डा बुजून तिथे ओल्या कणकेसारखं मऊ लागतं का, ते दोन बोटांनी चाचपायचं. दुखणं आणि सूज वेगवेगळ्या रकान्यात जातात, कारण दुखणाऱ्या प्रत्येक सांध्याला सूज असतेच असं नाही, आणि सुजलेला सांधा सवयीने दुखेनासाही होतो.

या दोन आकड्यांत पेशंटने आजाराच्या त्रासाला शून्य ते दहा यांतला स्वतःचा गुण घालायचा (शून्य म्हणजे काहीच नाही) आणि डॉक्टरांनी आपला. चारही मिळवले की सीडीएआय, म्हणजे आजार किती जागा आहे त्याचा आकडा, मिळतो. २.८ किंवा कमी म्हणजे उतार. १० पर्यंत आजार मंद, २२ पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. रक्ततपासणी नको, कॅल्क्युलेटर नको. एक सांधा दुखरा, सूज कुठेच नाही, पेशंटचा गुण १, डॉक्टरांचा अर्धा: बेरीज २.५, उतार. तीन दुखरे, दोन सुजलेले, पेशंटचे ४, डॉक्टरांचे ३: बेरीज १२. हा मध्यम आजार झाला. पण गेल्या वर्षी हाच आकडा ३४ असलेली बाई १२ वर आली की मनापासून म्हणते, "आता अगदी बरं आहे." तिच्या दृष्टीने ते खरंच आहे. गॅसचा लायटर दाबता येतो, नळ पिळता येतो, पोळ्या लाटता येतात. त्या दोन सुजलेल्या सांध्यांत मात्र हाड पोखरणं चालू असू शकतं. डॉक्टरांनी फक्त "आराम है?" विचारलं, तर ३४ वरून १२ वर आलेली आणि २.५ वर आलेली, दोघींचं उत्तर एकच येतं. आकडा लिहायला हवा तो यासाठी.

दुसरी पद्धत डीएएस २८. त्यात ईएसआर किंवा सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, लागते; २.६ च्या खाली उतार. ईएसआर भाबडा आहे. आपल्याकडे बायकांमध्ये रक्त कमी असणं नेहमीचं, आणि हिमोग्लोबिन कमी असलं की सांधे शांत असूनही ईएसआर चढलेला दिसतो. उलट टोसिलिझुमॅबसारखं आरएवरचं औषध सीआरपी थेट पाडतं, म्हणजे कागदावरचा आकडा सांध्यांच्या पुढे धावतो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून अधिक कडक व्याख्या दिली: दुखरे सांधे एकापेक्षा जास्त नकोत, सुजलेले एकापेक्षा जास्त नकोत, सीआरपी डेसिलिटरला १ मिलिग्रॅमच्या वर नको, आणि पेशंटने स्वतःला दिलेला गुणही १ च्या वर नको. यातली शेवटची अट फार जणांना नडत होती. कंबर धरलेली, झोप उडालेली, मुलाच्या नोकरीची काळजी लागलेली बाई आरए शांत असूनही स्वतःला २ देते. २०२२ मध्ये ती अट २ वर आणली. मला हा बदल पटतो, कारण नाहीतर कंबरेच्या दुखण्यासाठी आरएची औषधं वाढत राहतात.

या २८ मध्ये पाऊल आणि घोटा मोजलेलेच नाहीत. मोजणी सोपी राहावी म्हणून ते वगळले गेले. ज्या बाईला चपलेत पाय घालताना चवडा ठणकतो, ती कागदावर उतारात असू शकते. म्हणून हातांची मोजणी झाल्यावर "पाय पण बघा" असं पेशंटने स्वतःहून म्हणावं. मोजे काढायला लाजू नये.

आता उताराची नक्कल. आराम दोन प्रकारे मिळतो: आग विझवून किंवा धूर अडवून. वेदनाशामक गोळी दुखणं कमी करते, हाडाचं पोखरणं थांबवत नाही. स्टेरॉइडचं प्रकरण जास्त फसवं, कारण त्याने सूजसुद्धा उतरते, आणि ती दिवसांत उतरते. इंदूरात महात्मा गांधी मेडिकल कॉलेज सुरू झालं त्याच वर्षी, १९४८ मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आरएने जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन टोचलं. ती काही दिवसांत चालू लागली. हेंच यांना ही दिशा सापडली होती ती वेगळ्याच निरीक्षणातून: कावीळ झाली किंवा दिवस गेले की काही पेशंटचा आरए तेवढ्यापुरता मावळतो, हे ते १९२९ पासून बघत होते. १९५० मध्ये केंडल आणि राइखश्टाइन यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. जगाला वाटलं, आरएचं औषध सापडलं. पण कॉर्टिसोन थांबवलं की सूज परत येई, आणि चालू ठेवलं तर चेहरा गोल होई, साखर चढे, हाडं ठिसूळ होत. ‘बरं झालं’ची घाई तेव्हा खुद्द वैद्यकशास्त्राला नडली होती.

ती घाई आपल्याकडे पुडीतून विकली जाते. कुठल्याशा गावाहून मागवलेली, नाव-पत्ता-घटक काही न छापलेली भुकटी. तिसऱ्या दिवशी बोटं मोकळी, आठवड्यात भूक दुप्पट, महिन्यात गाल फुगलेले. अशा वेळी भुकटीत स्टेरॉइड मिसळलंय हा संशय पहिला घ्यावा. आणि पुडी फसवी आहे असं कळल्यावर ती रागाने एकदम फेकून देऊ नये. तीनेक आठवड्यांहून जास्त स्टेरॉइड पोटात गेलं असेल तर शरीराने स्वतःचं बनवणं मंदावलेलं असतं. अचानक बंद केल्यावर चक्कर, उलट्या, रक्तदाब कोसळणं असं होऊ शकतं. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जावं आणि डॉक्टरांच्या हिशेबाने कमी करत यावं. सरळ मार्गाने दिलेलं प्रेडनिसोलोनसुद्धा पुलासारखं असतं: खरी औषधं लागू पडेपर्यंत पलीकडे नेणारं, मग शक्यतो तीन महिन्यांच्या आत संपवायचं. रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन घेऊन सांधे शांत असतील तर त्याला उतार म्हणायला मी तयार नाही.

खरी औषधं म्हणजे मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासलाझिन, लेफ्लुनोमाइड, आणि यांनी भागलं नाही तर बायोलॉजिक (जिवंत पेशींत बनवलेली, महागडी) इंजेक्शनं, तीही टीबीची तपासणी करूनच. यांपैकी मेथोट्रेक्सेटबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेकांचा उतार त्याच्याच खांद्यावर उभा असतो आणि सगळ्यात भयंकर चुकाही त्याच्याच बाबतीत होतात. हे आठवड्यातून एकदाच घ्यायचं, साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. वार ठरवून चिठ्ठीवर अक्षरात लिहून घ्यावा: ‘फक्त रविवारी’. हीच गोळी चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात, माणूस दगावूही शकतो. दुसरी चूक ताकदीची. गोळी २.५ ची मिळते, ५, ७.५, १० आणि १५ ची पण मिळते. ‘चार गोळ्या’ म्हणजे २.५ च्या चार, १० मिलिग्रॅम, हे डोक्यात पक्कं झालेलं असतं. या खेपेला दवा बाजारातून १० ची स्ट्रिप आली आणि सवयीने चार घेतल्या की ४० पोटात गेले. म्हणून गोळ्यांची संख्या पाठ करू नये, मिलिग्रॅम पाठ करावेत. फॉलिक अ‍ॅसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी दुसऱ्या वारी. सीबीसी, लिव्हर आणि क्रिएटिनिन सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी, घडी बसली की दोन-तीन महिन्यांनी. जोराचा ताप किंवा न्यूमोनिया असेल तर त्या आठवड्याची मात्रा डॉक्टरांना विचारून टाळावी. मूल हवं असेल तर कित्येक महिने आधीच बोलावं, कारण हे औषध गर्भाला घातक आहे. आणि त्या बेतासाठी सांधे शांत असणं हा सगळ्यात चांगला काळ असतो.

आणि आता मुख्य प्रश्न: उतार पडल्यावर हे थांबवलं तर?

उत्तर ‘लगेच परत उसळतं’ असं नाही, आणि असं सांगणारे डॉक्टर आपलीच बाजू कच्ची करतात. १९९६ मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधांवर चांगला स्थिरावलेल्या २८५ पेशंटपैकी निम्म्यांचं औषध काढून त्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली. वर्षभरात औषध काढलेल्यांपैकी ३८ टक्क्यांचा आजार उसळला, चालू ठेवलेल्यांपैकी २२ टक्क्यांचा. म्हणजे औषध काढूनही वर्षभर निभावलेले अधिक होते, आणि औषध चालू असूनही काहींचा आजार उसळलाच. नॉर्वेतला २०२१ सालचा अभ्यास आणखी बारीक आहे. तिथे पूर्ण उतारातल्या पेशंटचं औषध बंद केलं नव्हतं, फक्त निम्मं केलं होतं. वर्षात निम्म्या डोसवर २५ टक्क्यांना उसळी आली, पूर्ण डोसवर ६ टक्क्यांना.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. एक, गोळ्या सोडूनही ठीक असलेली एखादी मावशी प्रत्येक घराच्या ओळखीत असणारच. ती खोटं बोलत नाही. दोन, आपण मावशी निघू की नाही हे आधी कळत नाही. अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह असेल, आजार जुना असेल, सोनोग्राफीत सांध्याच्या अस्तरात अजून रक्तप्रवाह दिसत असेल तर शक्यता कमी, इतपत अंदाज बांधता येतो.

शिवाय वेळेची एक फसवणूक आहे, ती समजली नाही तर शहाणा माणूसही चुकतो. मेथोट्रेक्सेटचा पुरता गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि बंद केल्यावर तो गुण ओसरायलाही आठवडे लागतात. दिवाळीला गोळी सोडली. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, काही झालं नाही. ‘बघ, उगाच खात होतीस.’ मग पौषात, इंदूरची थंडी बोटांत शिरते तेव्हा, सांधे सुजतात आणि दोष थंडीला जातो. थंडी नसती तर दह्याला गेला असता, टोमॅटोला गेला असता. याच्या उलटही होतं. आजाराला स्वतःचे चढउतार असतात. दुखणं शिगेला असताना माणूस नवा उपाय धरतो, दुखणं आपल्या गतीने खाली येतं, आणि श्रेय त्या उपायाला मिळतं. दोन्हीकडून औषधाचाच हिशेब चुकतो. दही-टोमॅटो सोडून आरए गेल्याचा पुरावा नाही. तंबाखू सोडण्याला मात्र अर्थ आहे, विडी-सिगारेट सोडण्याला तर फारच.

कमी करायचंच असेल तर त्याची रीत आहे. आधी स्टेरॉइड शून्यावर यावं. त्यानंतर निदान सहा महिने सलग उतार टिकलेला असावा, दोन-तीन भेटींत मोजलेला. मग एका वेळी एकच औषध, एकेक पायरी: मेथोट्रेक्सेट १५ वरून १२.५, तीन महिने थांबून मोजणी, मग १०. पहिलं काय कमी करायचं, गोळी की इंजेक्शन, यावर अमेरिका आणि युरोप यांच्या सल्ल्यांत फरक आहे. आपल्याकडे बहुधा इंजेक्शनची किंमतच ते ठरवते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आकडा चढला की आधीच्या पायरीवर परत. वेळेत परतलेल्या बहुतेकांना उतार पुन्हा मिळतो, सगळ्यांना नाही. दरम्यान पोखरलेलं हाड मात्र भरून येत नाही. घरच्या घरी सोडणारा माणूस नेमकं उलट करतो: सगळी औषधं एकदम बंद, मोजणी कधीच नाही, आणि डॉक्टरांकडे परत जाणं आठ महिन्यांनी, ओशाळून.

जाहिरातींकडे वळू. ‘गठिया जड़ से खत्म’, म्हणजे संधिवात मुळापासून नाहीसा, ही ओळ भिंतीवर, ऑटोच्या पाठीवर, मोबाइलवर, कुठेही दिसते. १९५४ च्या औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्याला ५४ आजारांची यादी जोडलेली आहे. तीत संधिवात आहे. या आजारांवर उपचाराचा दावा करणारी जाहिरात लोकांपुढे करायलाच मनाई आहे, औषध कुठल्याही पॅथीचं असो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कायदा सत्तर वर्षांचा झाला. भिंती मात्र रंगतच राहिल्या.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. या जाहिराती आयुर्वेदाच्या नावावर खपतात, आणि आयुर्वेदाने असा सरसकट दावा केलेला नाही. जुन्या वैद्यांनी आजारांची वर्गवारी साध्य आणि असाध्य एवढ्यावर सोडली नव्हती. मध्ये ‘याप्य’ नावाचा वर्ग होता: उपचार चालू आहेत तोवर माणूस धड, उपचार थांबले की आजार पुन्हा डोकं वर काढणार. सुश्रुताने त्याला दाखला दिला आहे तो पडू घातलेल्या घराला नीट लावलेल्या टेकूचा. आणि आरएशी ज्याचं नातं जोडलं जातं त्या आमवाताबद्दल माधवनिदानात सरळ लिहिलं आहे की एका दोषाचा असेल तर साध्य, दोन दोषांचा असेल तर याप्य, तिन्हींचा आणि अंगभर सूज असलेला असेल तर कष्टसाध्य. शेकडो वर्षांपूर्वीचा ग्रंथकार सरसकट ‘मुळापासून’ म्हणायला कचरतो, आणि आजचा भुकटीवाला कचरत नाही. ज्या वैद्यांना आपल्या शास्त्राची चाड आहे त्यांनी ‘याप्य’ हा शब्द पेशंटसमोर मोठ्याने वापरावा. मेथोट्रेक्सेट लिहिणाऱ्या डॉक्टरचं आणि त्यांचं तिथे तरी जमेल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. "आयुष्यभर गोळ्या" हे ऐकूनच माणूस भुकटीवाल्याकडे जातो. मग आशा कशाला मोडता? तेहतीस वर्षांच्या, लहान मूल कडेवर असलेल्या बाईला पहिल्याच भेटीत ‘हा आजार कधी जात नाही’ असं सांगून उठवणं क्रूर आहे, आणि निरुपयोगीही. पण त्या वाक्याला पर्याय ‘बरं करतो’ हा नाही. ‘तीन महिन्यांत फरक दिसायला हवा, सहा महिन्यांत उतार किंवा त्याच्या अगदी जवळ आणायचा आपला बेत आहे, नाही आला तर औषध बदलू’ असं सांगता येतं. यात तारीख आहे, उद्दिष्ट आहे, आणि डॉक्टरवरही जबाबदारी आहे. अर्धवट आरामावर वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी पुढे ढकलणाऱ्या डॉक्टरला हे वाक्य अडचणीचं जातं, म्हणूनही ते मला आवडतं.

वेळ नाही, हा दुसरा आक्षेप. इंदूरच्या एमवाय या सरकारी इस्पितळाच्या ओपीडीतली रांग पाहिलेल्या कोणालाही तो कळेल. पण दुखरे-सुजलेले सांधे मोजायला सरावलेल्या हाताला काही मिनिटं लागतात. पेशंटचा गुण रांगेत बसल्या बसल्या कागदावर लिहून ठेवता येतो, सकाळी मूठ वळायला किती मिनिटं लागली तेही.

मोठी आशा खोटी आहे असंही नाही. जर्मनीतल्या एर्लांगनमध्ये गेओर्ग शेट यांच्या गटाने ल्युपस (आरएसारखाच, संरक्षण यंत्रणा आपल्यावरच उलटण्याचा आजार) आणि त्याच्या जातीच्या आजारांत पेशंटच्याच टी पेशी, म्हणजे संरक्षण यंत्रणेतल्या मारेकरी पेशी, बाहेर काढून, त्यांना बी पेशी (ज्यांच्यापासून प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी तयार होतात) ओळखून मारायला शिकवून परत सोडल्या. पहिला पेशंट २०२१ मध्ये नोंदला गेला, २०२४ मध्ये १५ जणांचा अहवाल आला. पंधराही जणांची संरक्षण यंत्रणा दाबणारी औषधं बंद करता आली होती. धडा पुसण्याच्या इतक्या जवळ आजवर कोणी पोचलं नव्हतं. तरी तिथे वापरलेला शब्द ‘औषधाविना उतार’ या अर्थाचा आहे, कारण पाठपुरावा अजून थोड्याच काळाचा आहे. कर्करोगासाठी घडवलेला, महागडा उपचार हाती असूनही ते ‘बरा’ म्हणायला थांबतात.

मुलांच्या डॉक्टरांनी ही शिस्त आधीच लावून घेतली आहे. लहान मुलांच्या संधिवातासाठी २००४ मध्ये दोन वेगळ्या पाट्या सुचवल्या गेल्या: औषध चालू असताना सलग सहा महिने आजार निष्क्रिय, तो ‘औषधासह उतार’, औषध बंद करून सलग बारा महिने निष्क्रिय, तो ‘औषधाविना उतार’. काही मुलं यातून खरोखर मोकळी होतात. तरी डोळ्यांची तपासणी चालू ठेवावी लागते, कारण सांधे शांत असताना डोळ्याच्या आत सूज मुकाट्याने येऊ शकते. या दोन पाट्या मोठ्यांच्या केसपेपरवर जशाच्या तशा उतरवता येतील.

शब्दाची गल्लत विम्यातही भोवते. ‘बरी झाले’ म्हणून फॉर्मवर आरए लिहिला नाही, आणि क्लेमच्या वेळी जुनी मेथोट्रेक्सेटची चिठ्ठी निघाली, की कंपनी माहिती लपवल्याचं म्हणते. २०२४ च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा ३६ महिन्यांहून जास्त ठेवता येत नाही, आणि सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती दडवली या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. ‘आरए, औषधासह उतार’ असं पहिल्या दिवशी लिहिणाऱ्याला निदान आपली तीन वर्षं कधी संपणार ते माहीत असतं.

तर केसपेपरवर वरच्या कोपऱ्यात एक ओळ मागून घ्यावी. उदाहरणार्थ: ‘आरए, औषधासह उतार, ८ महिने. सीडीएआय २.५. स्टेरॉइड शून्य. मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, फक्त रविवारी. पाय तपासले. पुढची मोजणी तीन महिन्यांनी.’ हिंदीत लिहिली तरी चालेल. घरी गेल्यावर सासूबाईंना ती वाचून दाखवायची, भाषांतर करायचं नाही.